बोटभर फट

माझ्या घरात कुठलंही पोतं सरळ फरशीवर टेकवलेलं मला चालत नाही. सुनेला हे माहीत आहे, किराणा घेऊन येणाऱ्या माणसालाही माहीत आहे, आणि दोघंही माझ्यामागं हसतात हे मला माहीत आहे. स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत वीतभर उंचीची लाकडी घडवंची आहे. गहू, ज्वारी, शेंगा, जे काय असेल ते तिच्यावर. भिंतीपासून हातभर जागा सोडलेली. मुलगा म्हणतो, आता सिमेंटची जमीन आहे, ओल कुठून येणार? त्याला मी काही समजावत बसत नाही. त्याचं उत्तर एका वाक्यात मावत नाही, म्हणून ते इथं लिहिते आहे. मला मुद्देसूद बोलायची सवय आहे, तेव्हा आधी वस्तूची ओळख करून देते आणि मग माणसांकडं वळते.

नळदुर्गाच्या अलीकडं, मोठ्या सडकेपासून आत, आमचं गाव. अंमल निजामाचा. वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, किराण्याचं आणि पेंडीचं दुकान होतं. आम्ही लिंगायत, घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी. पुढं दुकान, मधे वखार, मागं आमचं राहतं घर. वखारीला दोन दारं होती. दुकानाच्या दारानं अप्पा यायचे, घराच्या दारानं आई, म्हणजे अव्वा. दुकानात शब्द अप्पांचा आणि घरात अव्वाचा, हे ठरलेलं होतं. वखार कुणाची हे मात्र कधी ठरलं नव्हतं, आणि सगळी गोष्ट तिथंच अडली.

वखारीत गावाचं बियाणं असायचं. खायची ज्वारी लोक पेवात पुरत, पण पेवात उष्णता फार. तिथली ज्वारी भाकरीला चालते, पेरायला नाही. पेरायची ज्वारी पोत्यात, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून, आमच्या वखारीत राहायची, माघापासून हस्ताच्या पेरणीपर्यंत. अप्पा त्याचं भाडं घेत नसत. बियाणं ज्याच्याकडं, मिठामिरचीचं गिऱ्हाईकही त्याच्याकडं, हा त्यांचा हिशेब. पोत्यावर नाव नसे. ज्या घरचं पोतं, त्या घरच्या बाईच्या जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी त्याच्या तोंडाला शिवलेली असे. ते शिवायचं काम अव्वाचं. दाभण, सुतळी आणि चिंधी घेऊन ती वखारीत बसली की हिरवा काठ कुणाचा, जांभळी चौकडी कुणाची, मी तोंडपाठ सांगायची. आजही सांगेन.

ही पोती ज्याच्यावर रचायची ती घडवंची. अव्वा तिला कानडीत मणे म्हणायची. मानाप्पा सुतार आयुष्यभर बाजा करत आला होता, त्यामुळं घडवंचीच्या अवयवांना त्यानं बाजेचीच नावं दिली होती. खालचे ठोकळे म्हणजे खूर. खुरांवर लांबीच्या दिशेनं ठेवलेली जाड लाकडं म्हणजे गात. बाजेला दोन गात पुरतात, पण घडवंचीला मधे तिसरा लागतो, नाहीतर पोत्यांच्या भारानं फळ्यांना झोळ येतो. खूर आणि गात बाभळीचे, वरच्या फळ्या कडुनिंबाच्या, कारण कडुनिंबाला वाळवी तोंड लावत नाही. पोतं फाटू नये म्हणून फळीची कड रंधा मारून गोल केलेली. लोखंडी खिळा नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. खूर एवढे उंच, की खालून खराटा फिरला पाहिजे आणि मांजर निघून गेलं पाहिजे.

आणि दोन फळ्यांमधे फट. फट हा घडवंचीचा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि तो लाकडाचा नाहीच. मानाप्पा फळी बसवताना अव्वाला हाक मारायचा. ती येऊन फटीत करंगळीशेजारचं बोट घालून बघायची. बोट अडलं तर फळी सरकवायची. सैल गेलं तरी सरकवायची, कारण सैल फटीतून उंदीर वर येतो. "सुताराचं माप दोरीवर, अव्वाचं माप बोटावर," असं मानाप्पा म्हणायचा आणि तंबाखू मळायला बसायचा. पावसाळ्यात आमची जमीन घाम फुटल्यासारखी ओलसर व्हायची. ती वाफ फटीतून वर जायची, पोत्यांच्या मधून निघून धाब्याच्या गवाक्षातून बाहेर पडायची. हे सगळं अव्वाला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या आईच्या घरी असंच होतं, एवढंच ती सांगायची.

मी न्हातीधुती झाले त्या वर्षाची ही गोष्ट. आमच्याकडं तेव्हा न्हाण आलं की ती लपवायची गोष्ट नसे, उलट गाजवायची असे. केळीच्या खांबांचं मखर झालं, मला हिरवं लुगडं नेसवलं, गावच्या बायकांनी ओटी भरली. हुग्गी झाली होती, वर पातळ तूप. शिजलेल्या गव्हाचा आणि गुळाचा तो वास दिवसभर घरात होता. बायका उखाणे घेत होत्या, एकमेकींना चिमटे काढत होत्या, मी लाजून खाली बघत होते. ज्या घरांच्या चिंध्या आमच्या वखारीत होत्या, त्या प्रत्येक घरची बाई त्या दिवशी आमच्याकडं जेवून गेली. हे मुद्दाम लिहून ठेवते.

नंतर श्रावणात बातमी आली की तालुकदारसाहेब दौऱ्यावर येणार. गावात गिरदावर, म्हणजे महसुलाचा फिरता अंमलदार, येऊन बसला. माणूस पलीकडच्या गावचाच, आमच्यासारखाच मराठी बोलणारा, पण डोक्यावर रुमी टोपी आली की तोंडात कचेरीची उर्दू यायची. चावडीपुढं चिखल झाला होता. साहेबांची खुर्ची चिखलात कशी ठेवायची? त्यासाठी उंच तख्त पाहिजे. तख्ताला लाकूड कुठलं? जर्मनीशी लढाई चालू होती, लाकडाला सोन्याचा भाव. मग कुणाला तरी आमच्या वखारीची आठवण झाली.

"सेठ, चार दिन का काम है," गिरदावर दुकानात येऊन म्हणाला. "साब बैठे, उठे, चले गए. आपकी चीज आपके घर."

अप्पांना सेठ म्हटलेलं फार आवडायचं. त्यांनी लगेच मान हलवली. हमाल आले, पोती उतरवली, खाली कडबा पसरून त्यावर टेकवली आणि घडवंच्या घेऊन गेले. अव्वा घराच्या दारात उभी राहून बघत होती. "पावसाळ्यात?" एवढंच ती म्हणाली. अप्पा म्हणाले, "चार दिवसांचा प्रश्न हाय. उगं तोंड नको वाकडं करू."

साहेब आले तेव्हा मी धाब्यावरून बघत होते. घडवंच्या एकमेकींना लावून त्यांवर जाजम अंथरलं होतं, त्यावर खुर्ची. पाटलांनी हार घातला. साहेब चहा प्याले. भुरभुर सुरू झाली तसे उठून मोटारीत बसले आणि गेले. एवढ्यासाठी गावाचं बियाणं जमिनीवर बसलं होतं.

घडवंच्या परत आल्या त्या मानाप्पाच्या गाडीतून. अव्वानं पहिलीच्या फळ्यांवर हात फिरवला आणि थांबली. फटी नव्हत्या. प्रत्येक फटीवर खालून-वरून लाकडी पट्ट्या बसवून, लोखंडी खिळ्यांनी ठोकून, वरचा भाग तुळतुळीत केला होता.

"मानाप्पा, हे काय केलंस?"

"म्या न्हाय केलं, अव्वा. माझ्याकडनं करून घेतलं. गिरदावर म्हनला, साहेबाच्या खुर्चीचा पाय फटीत गेला तर तुझा पाय खोड्यात जाईल."

"बरं. आता काढ."

"काढलं असतं. पर साहेब दिवाळीला पुन्हा येनार म्हनं. गिरदावराची ताकीद हाय, हात लावायचा न्हाय. वेठीला मजुरी न्हाय अन् खिळं बी माझंच. पुन्हा ठोकायला मला सांगू नगा."

अप्पा दुकानातून आले. तिथं दोनचार गिऱ्हाईकं बसलेली होती, तीही मागोमाग आली. अव्वा म्हणाली, "ह्याच्यावर बियानं रचायचं न्हाय. पोत्याला खालनं वारं लागतं."

"वारं?" अप्पांनी गिऱ्हाइकांकडं बघितलं. "पोत्याला नाक कुठं असतं गं?"

सगळे हसले. मानाप्पासुद्धा हसला. मला त्या हसण्याचा राग आजही तसाच येतो, कारण ती बाई विनोद करत नव्हती. अप्पा पुढं म्हणाले, फळी आता मजबूत झाली, दाणाही खाली सांडणार नाही, आणि साहेब पुन्हा आले तर पुन्हा ओढाताण नको. हमालांना खूण केली. पोती वर रचली गेली. अव्वा पदर खोचून चुलीपुढं जाऊन बसली. त्या दिवशी भाकऱ्या थापताना तिच्या हाताचा आवाज दुकानापर्यंत ऐकू गेला असेल.

ती गप्प बसली, पण तिनं हात सोडला नाही. रोज झाडायच्या निमित्तानं ती वखारीत जायची आणि खालच्या थरातल्या पोत्यात हात खुपसायची. एक दिवस मला म्हणाली, "गंगू, इथं हात घाल." मी घातला. आत ऊब होती, आजारी माणसाच्या काखेसारखी. तिनं प्रत्येक थरातलं मूठभर बी काढलं, वेगवेगळ्या ओल्या फडक्यांत बांधलं आणि भानवशीवर, चुलीच्या उबेला ठेवलं. आमच्याकडं पेरणीआधी प्रत्येक घरची बाई असं करते. वरच्या थराच्या फडक्यात पांढरे टोकदार मोड आले. खालच्या थराच्या फडक्यात दाणे काळपटून चिकट झाले आणि आंबूस वास यायला लागला.

अप्पांना तिनं फडकी दाखवली. मी तिथंच आंबाडी निवडत बसले होते. अप्पांनी खालच्या थराचं फडकं परत बांधलं. मग म्हणाले, "वरचं खालच्यात मिसळू. काही उगवंल, काही न्हाय. पीक विरळ आलं तर लोक पावसाला नावं ठेवतील. आपल्याला कोन इचारतंय?"

"पोत्याच्या तोंडाला टाका माझा हाय," अव्वा म्हणाली.

"म्हनून काय?"

"म्हनून मी सांगनार."

तिनं सांगितलं. पाणवठ्यावर निरोप गेला आणि बायका घराच्या दारानं वखारीत आल्या. एकेकीनं आपल्या काठाची चिंधी ओळखली, आपल्या थराचं फडकं सोडून बघितलं. कुणी तोंडाला पदर लावला, कुणी खाली बसली. पेरणी तोंडावर आली होती. बी गेलं म्हणजे पुढचं वर्ष गेलं, हे तिथं कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुष आले ते दुकानाच्या दारानं. पुढं पाटील. मी वखारीच्या आतल्या दारामागं होते. मला वाटत होतं की आता तख्ताचा विषय निघणार, फटींचा निघणार, गिरदावराला कुणीतरी जाब विचारणार. तसं काही झालं नाही. गिरदावराला जाब विचारायचा म्हणजे चावडीशी वैर, आणि तख्तावर हार घालायला तर पाटीलच पुढं होते. त्यांनी सुपारी कातरली आणि अगदी सौम्य आवाजात म्हणाले, "अप्पासाहेब, राग मानू नका. घरात लेकीला न्हाण आलं म्हनं. तिचा वखारीत वावर हाय का?"

कातरलेली सुपारी त्यांनी अप्पांपुढं धरली. पाटील म्हणाले, "पोरसवदा हाय, तिला कळत नसतं. तसल्या दिवसांत बियान्याला हात लागला असंल. बी मरतं, ह्ये आपन पिढ्यानपिढ्या बघतो."

इथं थोडं थांबून सांगायला पाहिजे. आम्ही विटाळ पाळत नाही. तो आमच्या धर्माचा पायाच आहे. बाईचं शरीर कुठल्याही दिवशी अशुद्ध नाही, गळ्यातलं लिंग तिनं कुठल्याही दिवशी पूजावं, हे आमच्या शरणांनी, म्हणजे संतांनी, सांगून ठेवलं. मी त्या दिवसांतही रोज सकाळी हातावर लिंग घेऊन पूजा करत होते, आणि मला ते शिकवलं होतं अप्पांनीच, मांडीवर बसवून. आता ते काय म्हणतात याकडं माझे कान लागले होते. ते एवढंच म्हणाले असते, की पाटील, आमच्यात हे नाही, तरी पुरलं असतं.

अप्पा म्हणाले, "असंल. पोर हाय. आमचं लक्ष ऱ्हायलं न्हाय."

मी खूप वर्षं स्वतःची समजूत घातली की ते घाबरले होते, त्यांना दुकान चालवायचं होतं, त्या राज्यात छोट्या माणसानं काय करायचं. सगळं खरं. पण घाबरलेल्या माणसाला गप्प बसता येतं. ते गप्प बसले नाहीत. समोर आलेलं कारण त्यांना सोयीचं वाटलं आणि त्यांनी ते उचललं, आणि ते कारण मी होते.

अव्वा दुकानात कधी जात नसे. त्या दिवशी ती वखार ओलांडून सरळ गादीपर्यंत गेली.

"गळ्यात काय हाय तुमच्या?" तिनं अप्पांना विचारलं. "दाखवा पाटलास्नी."

अप्पांचा हात नकळत छातीवर गेला.

"पोरगी ह्याच हातानं लिंग पूजती. देवाला तिचा हात चालतो, अन् ज्वारीला चालत न्हाय व्हय?"

"वैनी, बायकांनी ह्यात..." पाटील म्हणाले.

"बायकांनी न्हाय तर कुनी? टाका माझा, चिंध्या तुमच्या बायकांच्या. तुमचा एक हार तेवढा." मग ती मागं वळली. "गंगू, भाईर ये. मानाप्पा, जंबूर दे तिच्याकडं."

मानाप्पा कडेला उभा होता. त्यानं पिशवीतून खिळे उपसायचा जंबूर काढला आणि माझ्याकडं न बघता पुढं केला. हमालांनी एक घडवंची मोकळी करून दुकानापुढच्या उजेडात आणली. मी गुडघे टेकून बसले. सगळा गाव बघतोय आणि कशासाठी बघतोय हे मला ठाऊक होतं. पहिला खिळा निघेना. गंजून लाकडात रुतला होता. मी दोन्ही पायांनी गात दाबून धरला आणि ओढला. किंचाळल्यासारखा आवाज करत तो वर आला. पट्टी उचलली, तर खाली पांढऱ्या बुरशीची जाळी आणि काळं पाणी. वास असा, की पुढं उभे असलेले मागं सरले. दुसरी पट्टी, तिसरी पट्टी. प्रत्येक पट्टीखाली तेच.

"बघा," अव्वा म्हणाली.

पाटलांनी वाकून बघितलं. "लाकूड हाय. पावसाळ्यात काळं पडनारच," ते म्हणाले आणि उठले.

आज कुणाला सांगितलं तर लोक विचारतात, मग शेवटी त्यांना पटलं का? नाही. पट्टीखालची बुरशी डोळ्यांनी बघूनही पटलं नाही. वरच्या थरातलं चांगलं बी मात्र त्यांनी नेलं. अव्वानं ते सगळ्या घरांत सारखं वाटायला लावलं, ज्याचं पोतं खाली होतं त्यालाही. बायकांनी पदरात घेतलं, कुणी रडत, कुणी माझ्या तोंडावरून हात फिरवत. त्यांना माहीत होतं. पण घरी जाऊन त्यांनी काय सांगितलं असेल आणि कुणी ऐकलं असेल, ते मी विचारत नाही. त्या वर्षी शेतं विरळ राहिली. गावात बोललं गेलं ते माझ्याबद्दल. पुढं लोहाऱ्याकडून मला बघायला आलेली मंडळी पोहे खाऊन गेली आणि निरोप पाठवला, की मुलगी चांगली आहे, पण बियाण्याचं काहीतरी ऐकलं. माझं लग्न शेवटी हद्दीपलीकडं सोलापूरच्या बाजूला झालं, जिथं आमच्या वखारीचं नाव कुणी ऐकलं नव्हतं. खुर्ची ज्याच्यासाठी मांडली त्याचं नाव गावात आदरानं घेतलं जायचं. आणि दिवाळीला साहेब आलेच नाहीत.

घडवंच्यांच्या सगळ्या पट्ट्या मी आणि अव्वानं मिळून काढल्या. ताकीद होती, पण पुन्हा कुणी विचारायला आलं नाही. खिळे मानाप्पाला परत दिले. पट्ट्या अव्वानं धाब्यावर वाळत घातल्या आणि मोळी बांधून चुलीमागं ठेवल्या. कशाला, ते बोलली नाही.

मार्गशीर्षात येळवस आली. आमच्याकडं त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवतं. कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडायचे, आंबील शिंपायची. अव्वा पहाटेच उठली. मोठ्या पातेल्यात भज्जी चढवली: ओले हरभरे, तूर, वाल, घेवडा, गाजरं, बोरं, चिंचेचा कोळ, वर बेसन. बाजरीचे उंडे उकडले. आणि चुलीत घातल्या त्या पट्ट्या. ओल धरलेलं लाकूड नीट पेटेना. धुरानं डोळे चुरचुरत होते, पण तिनं दुसरं सरपण आत घेऊ दिलं नाही. शेवटची पट्टी जळेपर्यंत ती तिथून उठली नाही.

दुपारी शेतात पंगत बसली. ज्वारी विरळ होती. ताटातून मान वर केली की पार पलीकडचा बांध दिसायचा. अप्पांनी उंडा भज्जीत कुस्करला, घास घेतला आणि थांबले.

"भज्जीला धूर लागलाय," ते म्हणाले.

"पट्ट्यांचा हाय," अव्वा म्हणाली. "खावा."

अप्पांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग खाली मान घालून खाल्लं. ताट रिकामं झालं तशी अव्वा पळी घेऊन आली आणि न विचारता पुन्हा वाढली.